राउटरचा पासवर्ड काढला आणि घरी पोलिसांची नोटीस आली

मी सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहते. घरातच तीन मशीन टाकून शाळेचे युनिफॉर्म शिवून देते. हे लिहायचं की नाही यावर घरात बरेच दिवस बोलणं चाललं होतं. मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणत होते, झालं ते झालं, चार लोकांत कशाला सांगायचं. पण परवा आमच्याच गल्लीतल्या आणखी दोन घरांचं वायफाय बिनपासवर्डचं आहे हे कळलं आणि मला राहवेना.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत समोरच्या घराच्या वरच्या खोलीत एक मुलगा भाड्यानं आला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मोबाईल दुरुस्तीचं काम करतो म्हणाला. पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणायचा. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही कधी रात्री दोनला. तेव्हा हा मुलगा खाली येऊन आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घागरी उचलू द्यायचा नाही. मी त्याला किती वेळा कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली असेल. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तपास चालू आहे, आणि त्यानं सांगितलेलं नाव खरं होतं की नाही हेसुद्धा आता मला सांगता येत नाही.

मार्चपासून आमचा शिलाईचा हंगाम सुरू होतो. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल द्यायचा असतो. ऑर्डरी, मापांचे तक्ते, कापडाचे फोटो, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. नेमकं तेव्हाच नेट रडायला लागलं. मशीनच्या खोलीत तर फोटोच उघडायचा नाही. कनेक्शनवाल्यांकडे तक्रार दिली, चार दिवस कोणी आलं नाही. मग हा मुलगा म्हणाला, “अक्का, मी बघू का?”

त्यानं काय काय केलं ते मी जागेवर उभी राहून पाहिलं आहे, म्हणून नीट सांगते. राउटर आमच्या लोखंडी कपाटाच्या मागे खिळ्याला टांगलेला होता. त्यानं तो काढला, उलटा केला आणि खालच्या स्टिकरचा फोटो घेतला. त्या स्टिकरवर वायफायचं नाव आणि पासवर्ड तर असतोच, पण राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं युजरनेम आणि त्याचा वेगळा पासवर्डही छापलेला असतो. म्हणजे घराची किल्ली आणि तिजोरीची किल्ली एकाच कागदावर. मग त्यानं फोनवर १९२.१६८.१.१ असा आकडा टाकून एक पान उघडलं, सुरक्षेच्या जागी ‘ओपन’ निवडलं आणि सेव्ह केलं. राउटर कपाटामागून काढून समोरच्या शोकेसवर ठेवला.

म्हणाला, “पासवर्ड असला की राउटर सारखं तपासत बसतो, निम्मा स्पीड त्यातच जातो. आता बघा.” मशीनच्या खोलीत जाऊन बघितलं, फोटो झटकन उघडला. वर म्हणाला, गल्लीतल्या पोरांच्या अभ्यासालाही उपयोग होईल, पुण्य लागेल. मी त्याला ५०० रुपये दिले.

हे वाचणाऱ्या प्रत्येकीला मला सांगायचं आहे की फसवणूक इथे झाली. स्पीड वाढला तो राउटर लोखंडी कपाटामागून बाहेर आल्यामुळे. लोखंडी पत्रा वायफायचा सिग्नल अडवतो, एवढी साधी गोष्ट होती. पासवर्डचा स्पीडशी काही संबंध नव्हता. फोन राउटरला जोडला जातो तेव्हाच पासवर्ड तपासला जातो. त्यानंतर जी माहिती गुप्त करून पाठवली जाते ते काम राउटरमधली चिप करते, आणि आजकालच्या राउटरला त्याचा भार जाणवतही नाही. उलट उघड्या वायफायवर दहा जण येऊन बसले की आपलाच स्पीड वाटला जातो. त्यानं एक खरं काम केलं आणि त्याचं श्रेय खोट्या कामाला दिलं. डोळ्यांसमोर फरक दिसल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही.

खुणा दिसत होत्या. रात्री पाण्याला उठले की घरातले सगळे फोन बंद, तरी राउटरचे दिवे एकसारखे लुकलुकत असायचे. मे महिन्यात नेट पुन्हा मंद झालं, तेव्हा तो म्हणाला, उन्हाळ्यानं राउटर तापतो अक्का. सोलापूरचा उन्हाळा, पारा बेचाळीसच्या पुढे. मला पटलं. ऑगस्टच्या शेवटी तो खोली सोडून गेला. घरमालकाचं एक महिन्याचं भाडं बुडवून गेला हे नंतर समजलं. करार नव्हता, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, तीही दिलेली नव्हती.

सप्टेंबरमध्ये सायबर पोलिसांची नोटीस घेऊन एक हवालदार दारात आले. कनेक्शन मालकांच्या नावावर आहे, म्हणून नोटीसही त्यांच्या नावाची. आम्हाला आधी हीच फसवणूक वाटली, कारण ‘डिजिटल अटके’च्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. म्हणून आम्ही दोघं स्वतः कार्यालयात जाऊन नोटीस खरी आहे का ते विचारलं. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर कोणी अटकेची भीती घालून पैसे मागत असेल तर तो पोलीस नव्हे. ही नोटीस मात्र खरी होती.

प्रकरण असं होतं. सोलापुरी चादरी कारखान्याच्या भावात, सहा चादरी ९९९ रुपयांना, अशी जाहिरात करणारं एक पेज कोणीतरी चालवत होतं. फोटो खऱ्या चादरींचे, मोरपंखी नक्षीचे, कुठल्या तरी दुकानातून उचललेले. पैसे आधी यूपीआयनं भरायचे, माल घरपोच. माल कोणालाच गेला नाही. तक्रार करणाऱ्या अकरा जणांत नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी मुलीच्या लग्नात आहेराला द्यायला साठ चादरींचे पैसे भरले होते. सोलापुरात कोणालाही विचारा, चांगली जकार्ड चादर त्या भावात पडणंच शक्य नाही. पण बाहेरगावच्या माणसाला ते कसं कळणार? आमच्या गावच्या चादरीला जीआय मानांकन, म्हणजे ठरावीक गावच्या मालाला मिळणारी सरकारी ओळख, आहे, नावाला मान आहे, त्याच नावावर त्यांनी विश्वास ठेवला.

आणि ते पेज ज्या इंटरनेट कनेक्शनवरून चालवलं गेलं ते आमच्या घरचं होतं.

अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या राउटरला कितीही फोन जोडलेले असोत, बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो, तो म्हणजे आपल्या कनेक्शनचा आयपी पत्ता. पेज चालवणाऱ्या कंपनीकडून पोलिसांना आयपी पत्ता आणि वेळ मिळते. इंटरनेट कंपनी सांगते, त्या वेळी तो पत्ता अमुक ग्राहकाला दिलेला होता. तिथून माग थेट बिलावरच्या नावापर्यंत येतो. समोरच्या घराच्या वरच्या खोलीत कोण बसलं होतं हे त्या कागदात कुठेच नसतं.

पुण्यात कंपनीत असलेला माझा भाचा शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं आला. त्यानंच मला २००८ सालची गोष्ट सांगितली. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जो ईमेल गेला होता, त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरापर्यंत लागला होता. त्याचं वायफाय असंच असुरक्षित होतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरलं होतं. ते ऐकून त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या कनेक्शनवरून चादरींच्या जागी काय गेलं असतं याचा विचार थांबेना.

भाच्यानं राउटरचं पान उघडायचा प्रयत्न केला तर स्टिकरवरचा पासवर्ड चालेना. त्या मुलानं तो बदलून ठेवला होता. म्हणजे पाच महिने आमच्याच घरातल्या राउटरचा मालक तो होता. मी म्हटलं, मागच्या भोकात पिन घालून रिसेट कर. भाच्यानं हात धरला. रिसेट केला तर आतलं सगळं पुसलं जाईल, आधी पोलिसांना विचार म्हणाला. हे लक्षात ठेवा. अशा वेळी घाईनं रिसेट करू नका, आपल्या बाजूचा पुरावाही त्यात जाऊ शकतो. पोलिसांनी बघून घेतल्यावरच आम्ही रिसेट केला. त्यानंतर कनेक्शनवाल्यांकडून आयडी घेऊन पुन्हा भरावा लागला, दोन दिवस नेट नव्हतं.

राउटरमध्ये जोडलेल्या फोनांची यादी असते, तिच्यावरून चोर सापडेल अशी मला आशा होती. तसं होत नाही. आताचे बहुतेक फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा बनवलेला नंबर दाखवतात, त्यामुळे यादीतला नंबर बघून फोन कोणाचा ते ओळखता येत नाही.

आम्हाला तीन गोष्टींनी तारलं. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा आमच्या घरातल्या कोणाशीही संबंध नव्हता. दुसरं, आषाढीला आम्ही सगळे पंढरपूरला होतो, घराला कुलूप, राउटर मात्र चालू राहिला होता, आणि नेमक्या त्या दोन दिवसांत त्या पेजवरून सर्वात जास्त व्यवहार झाले होते. आमचे मठातल्या मुक्कामाचे फोटो आणि पावती जपलेली होती. तिसरी गोष्ट आमच्या गल्लीतून आली. रिसेटनंतर तीन घरं सोडून राहणाऱ्या अम्मा विचारत आल्या, “वायफाय कधी चालू होणार? आम्ही पैसे भरलेत की.” मी चकितच झाले. तो मुलगा मार्चपासून पाच घरांकडून महिन्याला दीडशे रुपये घेत होता. फोन हातात घेऊन स्वतः जोडून द्यायचा आणि सांगायचा, माझं कनेक्शन आहे, पासवर्ड मी टाकलाय. अम्मांचा मुलगा पैसे यूपीआयनं द्यायचा, त्याच्या फोनमध्ये सगळे व्यवहार सापडले. विडी वळून पोट भरणारी बाई, नातीच्या अभ्यासासाठी दीडशे रुपये बाजूला काढत होती. मला माझ्या ५०० रुपयांपेक्षा त्याचं जास्त लागलं.

आता मालकांचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदला आहे. तो मुलगा सापडलेला नाही. नागपूरच्या बाईंनी त्याच रात्री १९३० या हेल्पलाइनवर फोन केला होता, म्हणून त्यांची बरीचशी रक्कम पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आली. जे लोक लाजेपायी आठ-दहा दिवस गप्प बसले, त्यांचे पैसे तोवर काढून घेतलेले होते. तुमचे पैसे गेले तर घरच्यांना सांगायच्या आधी १९३० ला फोन लावा. रागावणारे नंतर रागावतील.

आमच्या राउटरमध्ये आता काय आहे तेही सांगते. वायफायला डब्ल्यूपीए२ नावाची, माहिती गुप्त करून पाठवणारी सुरक्षा आहे, तुमच्या राउटरमध्ये त्याहून नवी डब्ल्यूपीए३ असेल तर ती लावा. पासवर्ड सोळा अक्षरांचा आहे, त्यात कोणाचं नाव, जन्मतारीख किंवा मोबाईल नंबर नाही. सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्डही बदलला. बहुतेक जण नेमका हाच विसरतात, आणि तो स्टिकरवरचाच राहिला तर वायफायला जोडलेला कोणीही आत शिरून सगळं बदलू शकतो. डब्ल्यूपीएस नावाची, नुसतं बटण दाबून फोन जोडायची सोय असते, ती बंद केली. स्टिकरवर कागद चिकटवला. महिन्यातून एकदा जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून मोजते. आमची पाच आहेत, सहावं दिसलं की पासवर्ड बदलायचा. भाच्यानं फोनवरचा क्यूआर दाखवून पाहुण्यांना जोडायचं शिकवलं, पण त्या क्यूआरचा फोटो कोणाला काढू देत नाही, कारण पासवर्ड त्यातच असतो.

आत्यांनी मात्र एक प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. म्हणाल्या, “म्हणजे आता शेजारच्या लेकरांना द्यायचंच नाही का?” त्यांच्या काळी आडाचं पाणी सगळ्या गल्लीला मोकळं होतं. मी भाच्याला विचारलं. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क म्हणून वेगळी सोय असते, तिचा पासवर्ड वेगळा, आणि तिथून आपल्या घरच्या फोन-कॉम्प्युटरपर्यंत कोणाला पोचता येत नाही. कनेक्शन आमचंच असल्यामुळे बाहेर नाव आमचंच दिसणार, म्हणून ते फक्त ओळखीच्या एका घराला द्यायचं असं आम्ही ठरवलं. अम्मांच्या नातीच्या फोनमध्ये मी स्वतः जाऊन तो पासवर्ड टाकून आले. अम्मांनी पदराच्या गाठीतून दीडशे रुपये काढले, ते मी घेतले नाहीत. मुलगी यंदा दहावीला आहे, संध्याकाळी सहा ते नऊ आमच्या ओट्यावर बसून अभ्यास करते.