नौपाड्यातला रविवारचा नीतिविचार वर्ग: तिसऱ्या बैठकीसाठी जा

घरातले पेच सोडवायला तत्त्वज्ञान कामाला येतं का, एवढाच प्रश्न घेऊन चालणारा हा वर्ग. ६ बैठका, प्रत्येकी २ तास. पहिल्या दोन रेंगाळतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांचं १९६७चं ट्रॉलीचं उदाहरण (पाच जणांना वाचवायला ट्रॉली वळवून एकाचा जीव जाऊ द्यायचा का?) तासभर चघळतात आणि हात वर करायला लावतात. हात मोजून नीती ठरत नाही, हे सांगायचं मात्र राहून जातं.

तिसरी बैठक खणखणीत. विषय: अत्यवस्थ वडिलांचा व्हेंटिलेटर काढायचा का? कागदावर दोन रकाने. डावीकडे माहितीचे प्रश्न, उजवीकडे मूल्यांचे. ‘बरे होतील का?’ डावीकडे, उत्तर डॉक्टरांकडे. ‘त्यांना काय हवं होतं?’ हेही डावीकडेच, आणि इथेच लोक घसरतात, कारण आपली इच्छा वडिलांच्या तोंडी घातली जाते. उजवीकडे उरतं एवढंच: त्यांची इच्छा आणि आपली माया, यांत पारडं कुणाचं जड? मग उलटतपासणी: सासऱ्यांच्या बाबतीत हाच निर्णय घेतला असता? नसेल, तर फरक लिहा. निम्मं भांडण इथेच निवतं.

कायद्याची बाजूही चोख. उपचार थांबवण्याबाबतच्या आगाऊ इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्यता दिली. २०२३पासून दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं.

जर्मन तत्त्वज्ञ कांट मात्र वीस मिनिटांत गुंडाळला. टिपणांची झेरॉक्स फिकट, पार्किंगची बोंब. स्टेशनवरून चालतच जा.