मुलांचा ‘वस्तू आणि हत्यारं’ संच: नमुने ठेवा, हत्यारं बदला

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी ऑनलाइन मिळणारा हा संच सोलापुरातल्या बालवाडीसाठी किंवा घरासाठी घ्यावा का? नमुन्यांसाठी जरूर घ्यावा, हत्यारांसाठी मुळीच नाही. पेटीच्या एका कप्प्यात लाकूड, लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, रबर आणि कापड, सोबत चुंबक आणि सूचनांची कार्डं. दुसऱ्यात हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, करवत, सगळं प्लास्टिकचं.

धातूंचे तुकडे एकाच मापाचे आहेत, हे फार चांगलं केलंय. एका तळहातावर लोखंड, दुसऱ्यावर ॲल्युमिनियम ठेवलं की मूल न विचारता सांगतं, हे जड. जवळजवळ तिप्पट फरक असतो. तांबं-पितळ दिलंय हेही मोलाचं, कारण नुसतं लोखंड दिलं तर ‘धातू म्हणजे चुंबकाला चिकटतो तो’ असा पक्का समज होतो. पुढे घरातली स्टीलची भांडी द्या. काही चिकटतील, काही नाही. स्टीलमध्ये निकेल पुरेसं असेल तर ते सहसा चिकटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला हे कारण नको, दोन ढीग करू द्या.

लाकडाच्या तुकड्याला वॉर्निश आहे, म्हणून पाण्याचा थेंब प्लास्टिकसारखाच वर बसून राहतो आणि लाकडाचा वासही येत नाही. एक बाजू पॉलिश पेपरने घासून काढा, मग थेंब मुरताना दिसेल.

‘धातू हाताला थंड लागतो’ हे कार्ड इथे जपून वापरा. लोखंड हातातली उष्णता पटकन ओढून घेतं म्हणून थंड वाटतं, पण त्यासाठी ते त्वचेपेक्षा गार असावं लागतं. त्वचा साधारण ३३-३४ अंशांवर असते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तेच लोखंड लाकडापेक्षा गरम लागतं आणि मूल कार्डाला खोटं ठरवतं, बरोबरच ठरवतं. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा. उन्हाळ्यात पुन्हा सावलीत करा, दोन्ही मिळून धडा पूर्ण होतो. उन्हात ठेवलेला तुकडा मात्र हातात देऊ नका, चटका बसतो.

कापडाचा नमुना बोटभर चिंधी, तीही नायलॉनची. टेरी टॉवेल विणणाऱ्या शहरात हे पटत नाही. टॉवेलचा एक तुकडा आणि चादरीचा एक घ्या. टॉवेलवर उभे राहिलेले फासे बोटाने मोजता येतात. चादरीच्या कडेचा धागा ओढला की उभे-आडवे धागे सुटे होतात. पाणी शोषण्याच्या प्रयोगाला कोरा टॉवेल नको. त्यावर मऊपणासाठी लावलेल्या रसायनामुळे पाणी आधी ओघळतं. दोन-तीनदा धुऊन मग वापरा.

आता हत्यारं. प्लास्टिकच्या हातोडीने खिळा जात नाही, म्हणून मूल ती दोनदा आपटून टाकून देतं. हार्डवेअरच्या दुकानातून १००-१५० ग्रॅमची खरी हातोडी आणि रुंद डोक्याचे इंची खिळे आणा. लाकूड पाइनच्या पॅकिंग खोक्याचं. सागावर किंवा बाभळीवर खिळा वाकतो. खिळा कपड्यांच्या चिमट्यात धरायला लावा, बोटं वाचतात. ठोकण्यासाठी लाकूड शहाबादी फरशीच्या सुट्या तुकड्यावर ठेवा. खाली घडी घातलेलं कापड असेल तर लाकूड उसळतं आणि खिळा आत जातच नाही. डोळ्यांना गॉगल हवा, आणि एका मोठ्या माणसाकडे एकावेळी एकच मूल.

स्क्रू ड्रायव्हर प्लसचा, जाड मुठीचा घ्या; सपाट टोकाचा सारखा निसटतो. आधी गिरमिटाने स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून द्या, आट्यांवर साबण घासा, म्हणजे छोट्या मनगटालाही तो फिरवता येतो. करवत सहाच्या आत नको.

चुंबक तपासून घ्या. संचातला मोठा, प्लास्टिकमध्ये बंद आहे तो ठीक. बटणाएवढे सुटे, चमकदार, ताकदीचे चुंबक असलेली पेटी परत करा: दोन गिळले तर आतड्याच्या भिंतीआडून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं. पेटीवर आयएसआय मार्कही पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे.