व्हिएतनामच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा रेकॉर्डेड कोर्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात हा कोर्स घेतला आणि तेव्हापासून तो सतत वापरात आहे. आधी स्वतःसाठी ऐकला, मग स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागतिक इतिहास शिकवताना त्यातली व्याख्यानं पुन्हा पुन्हा लावली. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: फ्रेंचांविरुद्ध इतके गट उभे राहिले, मग लढ्याची सूत्रं कम्युनिस्टांकडेच कशी गेली? ‘रशियाची मदत’ हे ठरलेलं उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही.

सुरुवातीचा भाग ठीकठाक आहे. १९११ मध्ये जहाजाच्या स्वयंपाकघरात काम धरून सायगॉन सोडणारे हो चि मिन्ह, १९१९ मध्ये व्हर्सायच्या शांतता परिषदेला दिलेलं हक्कांच्या मागणीचं निवेदन, १९२० मध्ये फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेतला त्यांचा सहभाग. हे सगळं इतरत्रही सहज मिळतं.

पैसे वसूल होतात ते १९३० च्या व्याख्यानांत. फेब्रुवारीत येन बाईच्या फ्रेंच लष्करी छावणीत व्हिएतनामच्या राष्ट्रवादी पक्षाने तिथल्या व्हिएतनामी सैनिकांचा उठाव घडवला. फ्रेंचांनी तो लगेच चिरडला आणि जूनमध्ये पक्षाचे नेते न्गुयेन थाय होक यांना साथीदारांसह गिलोटिनवर चढवलं. पक्षाचं कंबरडंच मोडलं. त्याच फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये विखुरलेले कम्युनिस्ट गट एकत्र आणले जात होते. पुढे न्घे आन आणि हा तिन्ह प्रांतांत कम्युनिस्टांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी कराच्या नोंदी जाळल्या, गावकीची जमीन वाटून घेतली, लिहायला-वाचायला शिकवणारे वर्ग सुरू केले. १२ सप्टेंबरला विन्हजवळ मोर्चावर फ्रेंच विमानांनी बॉम्ब टाकले. दडपशाही इथेही तितकीच क्रूर होती, पण कम्युनिस्टांची संघटना मुळापासून उखडली गेली नाही. ती गावागावांत पसरलेली होती आणि पुलो कोंडोरच्या तुरुंगातही कैद्यांचे अभ्यासवर्ग चालत होते. एका छावणीवर सगळी मदार ठेवणारा पक्ष आणि करामुळे पिचलेल्या गावात रुजलेला पक्ष यांतला फरक इतका स्पष्ट मी दुसरीकडे ऐकलेला नाही. मुलांना हाच भाग सर्वांत जास्त भिडतो.

१९४४-४५ च्या दुष्काळावरचं व्याख्यानही फार चांगलं आहे. महायुद्धात व्हिएतनाममध्ये शिरलेल्या जपान्यांची सक्तीची भातवसुली, भाताच्या जागी तागाची लागवड, बॉम्बफेकीमुळे दक्षिणेकडून बंद पडलेली धान्याची वाहतूक, अशी कारणं एकामागून एक उलगडत जातात. उत्तरेत लाखो माणसं भुकेने मेली. अशा वेळी १९४१ मध्ये स्थापन झालेल्या व्हिएत मिन्हने, म्हणजे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या स्वातंत्र्य आघाडीने, धान्याची कोठारं फोडायची हाक दिली. ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली आणि २ सप्टेंबरला हनोईत स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्या गर्दीमागे ही भूक होती, हे कळल्यावर तो दिवस वेगळाच दिसतो.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. सायगॉनमधल्या ट्रॉट्स्कीवाद्यांना, म्हणजे स्टालिनविरोधी कम्युनिस्टांना, कोर्सने दोन वाक्यांत गुंडाळलंय. १९३९ च्या तिथल्या निवडणुकीत त्यांनी अधिकृत कम्युनिस्टांना हरवलं होतं. त्यांचे नेते ता थू थाऊ यांना १९४५ मध्ये व्हिएत मिन्हच्या माणसांनी ठार केलं. प्रतिस्पर्ध्यांना संपवणं हाही या पक्षाच्या वर येण्याचाच भाग होता. ते टाळून सांगितलेली गोष्ट अर्धी राहते. १९५३ नंतरच्या जमीन सुधारणेत हजारोंना देहदंड झाला, तेही शेवटच्या व्याख्यानात घाईघाईत उरकलंय. मी वर्गात हा भाग स्वतः जोडतो.

नकाशे चांगले आहेत, पण मोबाइलवर गावांची नावं वाचता येत नाहीत. प्रिंट काढावीच लागते. नोट्समध्ये नावांचं लेखन दर प्रकरणात बदलतं, त्यामुळे शोधताना वेळ जातो.

एकूण पाचपैकी चार. घेणार असाल तर १९३० पासून सुरुवात करा, हो चि मिन्ह यांचं चरित्र नंतर ऐकलं तरी चालतं.