गावाकडे घर हलवताना गुंठ्याचा प्लॉट: खऱ्या कागदांवर होणारी फसवणूक

तालुक्याच्या गावी कायमचं राहायला निघालेलं कुटुंब प्लॉटवाल्यांना लांबूनच ओळखू येतं. मुलांची शाळा जूनच्या मध्यात उघडणार, शहरातल्या घराचा भाडेकरार मेअखेर संपणार, नव्या गावात मनासारखं भाड्याचं घर मिळत नाही, आणि खात्यात जुनं घर विकून किंवा फंड काढून आलेली रक्कम पडून आहे. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत बुकिंगच्या योजनांना ऊत येतो तो याच घाईवर. जून जवळ आलेला माणूस कागद वाचायला बसत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

या व्यवहारात बनावट कागद क्वचितच वापरावा लागतो. सातबारा खरा असतो, स्टँप पेपर खरा असतो, नोटरीचा शिक्काही खरा असतो. खोटा असतो तो त्या कागदाचा तोंडी सांगितलेला अर्थ. त्यामुळे "आम्ही सगळे कागद पाहिले होते" म्हणणारी माणसंही यात बुडतात.

सुरुवात सातबाऱ्यापासून. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा. गाव आणि गट नंबर विचारून घ्या आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महसूल विभागाच्या 'महाभूमी' या संकेतस्थळावरून स्वतः काढा. १५ रुपये लागतात. वरच्या बाजूला 'भू-धारणा पद्धती' असं लिहिलेलं असतं, त्यापुढे काय आहे ते आधी वाचा. भोगवटादार वर्ग १ असेल तर पुढे जा. वर्ग २ असेल तर ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मग डाव्या बाजूची नावं. कंसात टाकलेलं किंवा आडवी रेघ मारलेलं नाव म्हणजे हक्क संपलेला माणूस. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे. भाऊ-बहिणींचे हिस्से त्या एका नावामागे असतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, म्हणून बहिणींच्या सह्या नसलेलं खरेदीखत पुढे दिवाणी दाव्यात अडकतं.

उजवीकडचा 'इतर हक्क' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच झेरॉक्समध्ये पुसट आलेला असतो. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, 'कुळकायदा कलम ४३ ला अधीन', पुनर्वसनाचा शेरा, आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरचे निर्बंध, कोर्टातला दावा, हे सगळं तिथे सापडतं. तळाशी 'प्रलंबित फेरफार' आहे का तेही बघा. असेल तर त्या जमिनीत कुणाची तरी नोंद होऊ घातली आहे. ती कुणाची, हे महाभूमीच्याच 'आपली चावडी' या पानावर दिसतं.

आता 'एनए', म्हणजे बिनशेती, या शब्दाकडे. फलकावर 'एनए प्रस्तावित', 'एनए फाईल लावली आहे', 'येलो झोनमधली जमीन' असं काहीही लिहिलेलं असतं. यातल्या एकाही शब्दाने तुम्हाला घर बांधता येत नाही. येलो झोन म्हणजे आराखड्यात ती जमीन राहण्यासाठी दाखवली आहे, एवढंच. प्लॉट खरोखर बिनशेती असेल तर तीन गोष्टी हातात देता येतात: अकृषिक परवानगीचा आदेश किंवा सनद, मंजुरीचा शिक्का असलेला लेआउट, म्हणजे प्लॉटचा नकाशा, आणि भूमी अभिलेख कार्यालयाचं कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप. कजाप झालं की प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघतो. अशा उताऱ्यावर क्षेत्र 'आर चौ.मी.' मध्ये असतं आणि गाव नमुना १२ ची आवश्यकता नाही अशी सूचना छापलेली असते. तुम्हाला दाखवलेल्या उताऱ्यावर खाली सोयाबीन, ज्वारी किंवा पड लिहिलेली असेल तर ती शेतजमीन आहे, मग गेटवर कितीही सुंदर कमान असो.

शेतजमीन असली की दोन कायदे आडवे येतात. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात हे कुळकायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे, विदर्भ आणि मराठवाड्याच्या कुळकायद्यांतही तशाच तरतुदी आहेत. दुसरा तुकडेबंदीचा कायदा, १९४७ चा. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा एरवी वेगळा विकता येत नाही. "तो कायदा आता उठला" म्हणून मोबाइलवर बातमी दाखवली जाते. सवलती निघतात, पण त्या ठरावीक हद्दीपुरत्या आणि ठरावीक तारखेआधीच्या तुकड्यांसाठी असतात. तुमचा गट त्यात बसतो का, हे बातमीवर मानू नका, तहसील कार्यालयात लेखी विचारा.

या दोन कायद्यांतून काढलेल्या पळवाटा म्हणजेच फसवणुकीचे दोन मुख्य प्रकार.

पहिला सामाईक खरेदीचा. २० गुंठ्यांचं एकच खरेदीखत पंधरा-सोळा कुटुंबांच्या नावावर होतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं चढतात, लोक पेढे वाटतात. फसगत कळायला दोन वर्षं जातात. उताऱ्यावर तुमचं नाव असतं, पण तुमचा तुकडा कुठला हे कुठेच लिहिलेलं नसतं. विकणाऱ्याने पांढऱ्या फक्कीने आखून दिलेल्या चौकोनाला कायद्यात काहीच आधार नाही. बांधकाम परवानगीला सगळ्या सहधारकांची संमती मागतात. बँक कर्ज देत नाही. वाटप करून घ्यावं तर तुकडेबंदी पुन्हा आडवी येते. आणि पंधरातला एक जण परगावी गेला किंवा वारला की त्याच्या वारसांच्या सह्या गोळा करणं बाकीच्यांच्या गळ्यात पडतं. हा व्यवहार नोंदणीकृत असतो, म्हणूनच तो जास्त फसवा. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासून देत नाही.

दुसरा प्रकार नोटरीचा, आणि जास्तीत जास्त पैसा बुडतो तो इथेच. पाचशेच्या स्टँपवर साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार, सोबत कुलमुखत्यारपत्र आणि ताबा पावती, तिन्हींवर नोटरीचा लाल शिक्का. "एनए झालं की लगेच खरेदीखत करून देतो." कायदा सरळ आहे. साठेखताने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ मध्येच लिहिलं आहे. कुलमुखत्यारपत्रावर झालेली 'विक्री' म्हणजे मालकी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. नोटरी फक्त एवढंच सांगतो की अमुक माणसाने त्याच्यासमोर सही केली.

त्यातला खरा धोका वेगळाच आहे. नोटरी केलेला कागद सरकारी सूचीत कुठेच येत नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तुम्ही गट नंबर टाकलात तर फक्त नोंदणीकृत दस्त दिसतात. म्हणजे तोच प्लॉट तुमच्या आधी तिघांना नोटरीवर विकलेला असला, तरी तुमचा सर्च रिपोर्ट स्वच्छच येतो. तिघांकडे एकाच प्लॉट नंबरच्या ताबा पावत्या असतात आणि भेट होते ती कुंपण घालायच्या दिवशी.

गावठाणातलं जुनं घर घेणाऱ्यांना ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. पट्टी गायरानातल्या घराचीही भरून घेतली जाते, तेवढ्याने मालकी येत नाही. ड्रोन मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका मागा. नसेल तर जुनं नोंदणीकृत खरेदीखत आणि वारसांची पूर्ण यादी.

गुंठ्याचा हिशेब कागदावर एकदा तरी मांडा. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. विकणारा १,००० फुटांनाच गुंठा म्हणतो, त्यातही पुढचा रस्ता धरतो. सातबाऱ्यावर ०.८० हेक्टर असेल तर ते ८,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण ७९ गुंठे. मंजूर लेआउटमध्ये रस्ते आणि १० टक्के मोकळी जागा वजा जाऊन विकण्याजोगं क्षेत्र ढोबळमानाने दोन तृतीयांशच्या आसपास उरतं. तेवढ्या जमिनीत कुणी सत्तर प्लॉट पाडले असतील तर तो नकाशा मंजूर होणार नाही, आणि झालाच तर तुमचा प्लॉट त्यात असेल याची खात्री नाही. या एका हिशेबाने निम्म्या तरी योजना तिथल्या तिथे उघड्या पडतात.

जमिनीवर दाखवतात ती जागा आणि कागदावरचा गट एकच आहे, हेही गृहीत धरू नका. डांबरी रस्त्याला लागून असलेली जागा दाखवायची आणि मागच्या, ओढ्याकाठच्या गटाचे कागद करायचे, ही जुनी युक्ती आहे. खात्रीचा उपाय एकच, भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी आणि तिच्या नकाशाची 'क' प्रत. मोजणी मालकाच्या अर्जाने होते, म्हणून ती विसाराच्या, म्हणजे आगाऊ रकमेच्या, अटीतच लिहून घ्या. चतुःसीमेतल्या शेजारच्या शेतकऱ्यांशी बोला. त्यांना रस्त्याचं भांडण, बहिणींचा दावा, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, सगळं माहीत असतं आणि विचारलं तर ते सांगतात. "रस्ता तहसीलदाराकडून मिळतो" यावर विसंबू नका. महसूल अधिनियमाच्या कलम १४३ मधला बांधावरचा रस्ता शेतीच्या वहिवाटीसाठी आहे, वसाहतीसाठी नव्हे.

'लाईट-पाण्यासह प्लॉट' म्हणजे बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या शेतीपंपावरून ओढलेली वायर आणि त्याच्याच उरलेल्या जमिनीतलं बोअर. शेतीच्या जोडणीवर घर चालवणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो, वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होते. आणि बोअर त्याच्या जमिनीत म्हणजे पाणी त्याच्या मर्जीवर.

कुटुंब हलवायचं असेल तर पहिलं वर्ष भाड्याने राहा. घर दोन खोल्यांचं मिळालं तरी चालेल. मुलांचे शाळेतले प्रवेश भाडेकरारावर होतात, त्यासाठी प्लॉट लागत नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला की कुठल्या बाजूला टँकर येतो आणि कुठल्या बाजूला चिखल होतो ते डोळ्यांनी दिसतं. मग वकील स्वतःचा लावा; प्लॉटवाल्यांनी "आपलाच माणूस आहे" म्हणून सुचवलेला नको. तीस वर्षांच्या नोंदणीकृत दस्तांचा सर्च घ्या, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत विसारापलीकडे एक रुपयाही देऊ नका. पैसे खात्यातून, आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाच्याच खात्यात. दलालाच्या किंवा कुठल्या फर्मच्या खात्यात भरलेले पैसे जमीनमालक कोर्टात सरळ नाकारतो. आठपेक्षा जास्त प्लॉट आणि ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीची वसाहत असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा आणि त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागताच येत नाही. खरेदीखतानंतर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतींसाठी १५ दिवस असतात. थोडी रक्कम फेरफार मंजूर होईपर्यंत राखून ठेवण्याचं कलम आधीच लिहून घ्या.

पैसे आधीच गेले असतील तर पहिलं काम म्हणजे कागद गोळा करणं. विसार पावती, बँकेचे उतारे, माहितीपत्रक, फलकाचा फोटो, व्हॉट्सअॅपवरचे निरोप आणि आवाजी संदेश एका जागी जमवा, आणि निरोप मोबाइलमधून पुसू नका. त्याच जागेत फसलेली बाकीची कुटुंबं शोधा. एकाच गटाच्या सात-आठ तक्रारी एकत्र गेल्या की पोलीस ठाण्यात "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून परत पाठवणं अवघड जातं. १ जुलै २०२४ पासूनच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, त्याआधीच्या व्यवहाराला जुनं ४२०. सुविधांसह विकलेल्या प्लॉटबद्दल ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, तिथे मुदत दोन वर्षांची. साठेखताप्रमाणे खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याला तीन वर्षं, ती करारात लिहिलेल्या तारखेपासून मोजतात. तारीख लिहिलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. "पुढच्या महिन्यात करून देतो" हे वाक्य महिन्यामागून महिने ऐकवलं जातं ते ही मुदत निघून जावी म्हणूनच. दुसऱ्यांदा ऐकलंत की त्याच आठवड्यात वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.