थरचा सांडा की ऑस्ट्रेलियाचा थॉर्नी डेव्हिल?

कथेतला खवल्यांचा वाळवंटी प्राणी या दोनपैकी कुणावर बेतावा, या पेचात एक मैत्रीण आहे. दोघेही वाळवंटातले सरडेच.

पाण्याच्या बाबतीत डेव्हिलला तोड नाही. साचलेल्या पाण्यात नुसता उभा राहिला तरी खवल्यांमधल्या बारीक खाचांतून पाणी आपोआप चढतं, थेट तोंडापर्यंत. सांड्याची खरी गंमत बिळात: आत शिरला की बिळाचं तोंड मातीनं बुजवून टाकतो. खाणं? सांडा मुख्यतः पालाखाऊ, डेव्हिलला फक्त मुंग्या. बचावाला सांड्याची काटेरी शेपटी. डेव्हिल मात्र खरं डोकं खाली घालून मानेवरचं खोटं डोकं पुढे करतो!

घर, ऋतू, शेजारपाजार रंगवायचा असेल तर सांडा. एकट्या भटक्याची अद्भुतकथा असेल तर डेव्हिलच घ्यावा.