तीन वेळा दिवा विझवला, चौथ्या वेळी दोष शोधला: नागपुरातील एका अधिकृत सेवा केंद्राचा अनुभव

2025 च्या गुढीपाडव्याला, म्हणजे 30 मार्चला, आम्ही नवी पेट्रोल गाडी घरी आणली आणि बरोबर पंचविसाव्या दिवशी मनीषनगरच्या रेल्वे उड्डाणपुलाच्या चढावर तिचा पिकअप गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ताशी 20 किलोमीटरच्या पुढे जाईना, समोरच्या पट्टीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, मागून ट्रकचे हॉर्न सुरू झाले आणि शेजारी माझे वडील डायलिसिसच्या फाइलवर हात घट्ट धरून बसले होते. आम्ही बेसा भागात राहतो आणि त्यांना आठवड्यातून तीन वेळा धंतोलीतील रुग्णालयात न्यावे लागते. गाडी घेतली ती मुख्यतः याच कामासाठी, म्हणून पुढे तीन महिने जे घडले ते मी सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे आणि सेवा केंद्राचे नाव मी लिहिलेले नाही, कारण दोष शेवटी त्याच केंद्रात सापडला आणि तिथल्याच एका माणसाने तो मनापासून शोधला.

पहिल्या भेटीत, 1,140 किलोमीटरवर, सर्व्हिस ॲडव्हायझरने गाडीला स्कॅनर जोडला, एक कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, वाचला, तो पुसला आणि दिवा विझलेला मला दाखवला. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले, "मॅडम, पेट्रोलचा प्रॉब्लेम असतो, पंप बदलून पाहा." 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे हल्ली असे होते, असेही त्यांनी सांगितले. माझ्या गाडीच्या इंधनाच्या झाकणावर ई-20 हा शिक्का आहे, म्हणजे ती याच इंधनासाठी बनलेली आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि केलेले काम नोंदवण्याच्या कागदावर, तक्रारीच्या रकान्यात "चेक इंजिन लाइट" आणि कामाच्या रकान्यात "चेक केले, ओके" एवढेच लिहिले होते. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिले नाही, ही माझी चूक होती आणि पुढच्या दोन भेटींत मला तिची किंमत कळली.

इथे यंत्राबद्दल थोडे सांगणे गरजेचे आहे. आताच्या गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत तार नसते. पेडलला दोन सेन्सर असतात, हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीला दोन असतात, आणि इंजिनाचा संगणक या जोड्यांचे विद्युत संकेत सतत एकमेकांशी ताडून पाहतो. दोन संकेत जुळले नाहीत तर नेमके किती दाबले आहे याची खात्री संगणकाला राहत नाही, म्हणून सुरक्षेसाठी तो इंजिनाची ताकद अगदी कमी करून ठेवतो. यालाच लिंप मोड म्हणतात. माझ्या गाडीचा कोड पी-2135 होता आणि त्याचा अर्थ नेमका हाच आहे, की जोडीतले दोन संकेत एकमेकांशी जुळत नाहीत. हा अर्थ इंधनाकडे बोट दाखवत नाही. तो सेन्सर, जोडणी आणि तारा यांच्याकडे दाखवतो, आणि हे तर स्कॅनर हाताळणाऱ्या माणसाला माझ्याआधी कळायला हवे होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कोड नोंदवला जातो त्या क्षणीची परिस्थितीही संगणक साठवून ठेवतो: इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, इंजिनावरचा भार, पाण्याचे तापमान. याला फ्रीज फ्रेम म्हणतात. स्कॅनरने कोड पुसला की ही नोंदही त्याच्याबरोबर जाते. अधूनमधून येणारा आणि गॅरेजमध्ये कधीच न दिसणारा दोष शोधायचा असेल तर हीच नोंद सर्वांत मोठा धागा असतो, आणि पहिल्या तिन्ही भेटींत ती कागदावर उतरवण्याआधीच पुसली गेली.

मे महिन्यातल्या दुसऱ्या भेटीत सॉफ्टवेअर अपडेट झाले आणि गाडी धुऊन, पुसून, आत सुगंध मारून परत मिळाली. या वेळचे कारण नागपूरचा उन्हाळा होते. खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते, कारण तोपर्यंतचा प्रत्येक प्रसंग भर दुपारी घडला होता. वडिलांची वेळ दुपारी एकची, एसी पूर्ण सुरू, बाहेर पारा चव्वेचाळीसच्या वर. तिसऱ्या भेटीत गाडी नऊ दिवस ठेवून घेतली आणि थ्रॉटल बॉडी वॉरंटीत बदलून दिली. त्या नऊ दिवसांत पर्यायी गाडी मागितल्यावर "उपलब्ध नाही" असे तोंडी उत्तर मिळाले. वडिलांना रिक्षाने नेले. डायलिसिसनंतर माणूस किती गळून जातो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या परतीच्या प्रवासाबद्दल वेगळे सांगायला नको. गाडी परत मिळाल्यावर चौथ्या दिवशी त्याच पुलावर तोच दिवा पुन्हा लागला.

पहिल्या भेटीनंतरच मी एक छोटी वही गाडीत ठेवली होती. दिवा लागला की गाडी सुरक्षित बाजूला घ्यायची आणि तारीख, वेळ, ठिकाण, गिअर, वेग, एसी सुरू की बंद, गाडीत किती माणसे, एवढे लिहायचे. समोरच्या पट्टीचा फोटोही काढायचा, कारण पुढच्या काही फेऱ्यांत दोष आला नाही तर दिवा आपोआप विझतो आणि मग सेवा केंद्रात "दिवा तर लागलेला नाही" असे ऐकावे लागते. दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत नेता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र इंजिनात मिसफायर होत असतो, म्हणजे इंधन नीट पेटत नसते, आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो, तेव्हा गाडी थांबवणेच बरे. माझा दिवा नेहमी स्थिर असे.

जुलैमध्ये वडिलांची वेळ बदलून सकाळी सहाची झाली. पाऊस सुरू झाला होता, हवा गार होती आणि मी एसी लावतही नव्हते, तरीही त्या महिन्यात चार वेळा दिवा लागला. उन्हाळ्याचे कारण तिथेच निकाली निघाले. वहीतल्या एकूण तेरा नोंदी मी एका संध्याकाळी समोर घेऊन बसले, तेव्हा तोपर्यंत डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली गोष्ट दिसली: तेराही प्रसंग चढावरचे होते. मनीषनगरचा पूल, सदरचा उड्डाणपूल, वर्धा रोडचा दुमजली पूल. प्रत्येक वेळी गिअर दुसरा किंवा तिसरा आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबलेला. केंद्राची चाचणी मात्र दरवेळी सपाट रस्त्यावर, एकटा चालक घेऊन आणि बेताच्या वेगात व्हायची, म्हणून त्यांना दोष कधी दिसलाच नाही.

या नोंदी, तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती आणि फोटो जोडून मी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल पाठवला. त्यात गाडी एकूण किती दिवस केंद्रात होती, किती वेळा एकच तक्रार नोंदवली आणि मला नेमके काय हवे आहे, हे लिहिले. अमेरिकेतील राज्यांत नव्या सदोष गाड्यांसाठी वेगळे कायदे आहेत, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. पण ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे, त्यात वस्तूतील दोषाची व्याख्या व्यापक आहे आणि उत्पादकाच्या दायित्वाचे वेगळे प्रकरणही आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे नागपूरकराला त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, 10 ते 20 लाखांच्या वस्तूसाठी शुल्क 400 रुपये आहे आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलता येते. मात्र उत्पादनातच दोष आहे हे तिथे सिद्ध करावे लागते. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो आणि "ओके" लिहिलेली जॉब कार्डे तेव्हा आपल्याच विरोधात बोलतात. म्हणूनच चौथ्या भेटीत माझी तक्रार माझ्या शब्दांत, चढ आणि गिअरसह पूर्ण लिहिल्याशिवाय मी कार्डावर सही केली नाही. ॲडव्हायझर नाराज झाले, पण त्यांनी लिहिले.

ईमेलनंतर पाच दिवसांनी फोन आला आणि 29 जुलैला गाडी केंद्राच्या फोरमनकडे गेली. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणे अस्सल नागपुरी. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी माझी वही मागितली, उभ्यानेच सगळी वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, सपाट रस्त्यावर एकदाही नाही ना झालं?" मग लॅपटॉप जोडून ते माझ्या शेजारी बसले, मागच्या सीटवर केंद्रातली दोन मुले बसवली आणि आम्ही पुलावर गेलो. दुसऱ्या फेरीत पडद्यावरच्या, जोडीतल्या दोन संकेतांच्या रेषा, ज्या एकमेकींशी ठराविक नाते राखून चालायला हव्यात, चढाच्या मध्यावर एकदम फाकल्या. कोड पुसण्याआधी त्यांनी फ्रीज फ्रेम छापून घेतली. तीन महिन्यांत हे प्रथमच घडत होते.

केंद्रात परतल्यावर त्यांनी एका मुलाला ब्रेक दाबून ठेवायला सांगितले आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडून इंजिनावर भार आणायला लावला. भार आला की इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर थोडे मागे कलते, हे मी त्या दिवशी प्रथम डोळ्यांनी पाहिले. ते कलले तशी थ्रॉटल बॉडीकडे जाणारी वायरिंगची जुडी ताणली गेली आणि बॅटरीच्या ट्रेमागच्या लोखंडी पट्टीच्या कडेवर टेकली. टॉर्च माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "हे पाहा ताई, गाडी चढावर ताण घेऊन राहिली अन् वायर पट्टीले घासून राहिली." जुडीला जागेवर धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तिथे नव्हतीच. तिच्यासाठीचे भोक पट्टीत होते, पण त्याच्या कडेचा रंग अगदी अभंग होता, म्हणजे तिथे क्लिप कधी बसवलीच गेली नव्हती. काळी पन्हळी नळी घासून उघडी पडली होती आणि आतल्या एका तारेचे तांबे नखाएवढे दिसत होते. पावसाचे पाणी लागून त्यावर हिरवट पूड धरली होती. थ्रॉटल बॉडी बदलली तेव्हा नवा भाग याच तारेला पुन्हा जोडला गेला होता.

त्यांनी नुसती टेप गुंडाळून भागवले नाही. तारेचा खराब तुकडा कापून नवा जोडला, सोल्डर करून बंद केला, नवी नळी चढवली, क्लिप बसवली आणि पट्टीची कड कानशीने घासून गुळगुळीत केली. सगळे काम तीन तासांच्या आत झाले आणि वॉरंटीत असल्याने मला एक पैसाही पडला नाही. त्यानंतर गाडी 6,200 किलोमीटर चालली आहे. समृद्धी महामार्गावरून शिर्डीला जाऊन आलो, पूल तर रोजचेच आहेत, पण दिवा पुन्हा लागलेला नाही.

सेवा केंद्राला मी पाचपैकी अडीच तारे देते आणि त्यातले दोन त्या फोरमनचे आहेत. प्रतीक्षागृह थंड आहे, चहा वेळेवर मिळतो, वेळ आधी ठरवून घेतली तर रांग लागत नाही, धुलाई उत्तम होते आणि बिलात कधी नको ते काम घुसवलेले मला आढळले नाही. माझी तक्रार त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल आहे. ॲडव्हायझर आणि प्रत्यक्ष काम करणारा कारागीर यांच्यामध्ये जॉब कार्डाशिवाय दुसरा दुवा नाही, आणि त्या कार्डावर ग्राहकाचे म्हणणे दोन शब्दांत संपवले जाते. कारागिराला "चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये" हे कोणी सांगितलेच नाही, तर त्याने शोधायचे तरी काय? दिवा विझला की काम झाले असे मानण्याची सवय तिथे खोलवर मुरलेली आहे, आणि एका आजारी माणसाला भर पुलावर तेरा वेळा अडकून पडावे लागले ते याच सवयीमुळे. गाडीतल्या दोषापेक्षा या गोष्टीचा मला जास्त त्रास झाला.

कंपनीने वॉरंटी एक वर्षाने वाढवून दिली आणि लेखी दिलगिरीही कळवली. इतर गाड्यांमध्येही ही क्लिप बसवायची राहिली आहे का, हा माझा प्रश्न मात्र त्या पत्रात अनुत्तरित आहे आणि मी तो दर महिन्याला पुन्हा पाठवते. कोणाच्या नव्या गाडीचा पिकअप फक्त चढावरच जात असेल, तर त्यांनी पुढच्या सर्व्हिसला बॅटरीच्या ट्रेमागची जुडी आपल्या समोर टॉर्च लावून पाहायला सांगावे आणि तिथे क्लिप आहे की नाही हे जॉब कार्डावर लिहून घ्यावे.