"सेन्सर गेलाय, साहेब"

चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा गाडी तशी ठीकच चालत होती. उभी असताना इंजिन जरा थरथरायचं, एवढंच. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, पी०१७१ असा कोड आला आणि वर न बघताच तो म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, साहेब." मी म्हटलं, बदला. त्या आकड्यातलं मला काही कळत नाही, हे त्याने तोवर ओळखलं होतं.

दिवा विझला. चौथ्या दिवशी पुन्हा हजर, कोडही तोच. आता एअर फ्लो सेन्सरची पाळी. तोही 'बदलून' झाला. तिसऱ्या खेपेला गडी थेट ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, आला, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. जुने भाग मागितले, तर म्हणे भंगारात गेले.

पी०१७१ चा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. कुठला भाग खराब आहे, हे तो कोड सांगतच नाही. मला हे कळलं दोन बिलं भरल्यावर.

दुसऱ्या मेकॅनिकने कोड बघून सोडून दिला आणि चालू इंजिनचे आकडे उघडले. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २२ टक्के. मिश्रण सावरायला कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो किंवा घटवतो, त्याचा हा आकडा. रेस २५०० आरपीएमवर धरली, तर घसरून ६. "कुठूनतरी चोरून हवा शिरतेय," तो म्हणाला. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, म्हणून गळतीचा वाटा मोठा दिसतो. रेस वाढली की तो किरकोळ होतो. त्याने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या मार्गात, धूर सोडला. पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणारी, रबरी होस जिथे वळते तिथे, खालच्या अंगाला, धुराची दोऱ्याएवढी रेघ निघाली. वरून बघून ती चीर दिसणं शक्यच नव्हतं. म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा तो सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता!

मग त्याने टॉर्च त्या 'नव्या' ऑक्सिजन सेन्सरवर धरला. षटकोनी भागावर गंज सलग बसलेला, पान्याचा एक ओरखडा नाही. वायरच्या कप्लरच्या खाचेतली धूळसुद्धा जागची हललेली नव्हती.

मग दिवा विझायचा कसा? स्कॅनरने कोड पुसला की दिवा जातो, शिकलेला ट्रिमही शून्यावर येतो. तो पुन्हा चढायला वेळ लागतो, आणि बहुतेक गाड्यांत गाडी चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांमध्ये दोष दिसल्याशिवाय हा दिवा लागत नाही. माझे ते तीन दिवस असे गेले.

बिलं घेऊन पहिल्याकडे गेलो. "पोराकडून राहिलं असेल," म्हणाला, आणि दुसऱ्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घातलं.

होस बदलल्यापासून दिवा लागलेला नाही. आता कोड पुसण्याआधी मी स्कॅनरच्या पडद्याचा आणि फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे कोड नोंदला त्या क्षणीच्या आकड्यांचा, फोटो काढतो. जो भाग बदलायचा असेल त्याच्यावर गाडी सोडण्याआधी नेलपॉलिशचा ठिपका देतो आणि परत घेताना तो ठिपका असलेला जुना भाग हातात मागतो. मेकॅनिक हसतात. हसू देत.